म्हैस केवढी काढायची?

फ्लेक्सवर कुणाचा चेहरा केवढा काढायचा हे ज्याला कळलं, त्याला आमचा धंदा कळला. बाकीचं सगळं कॉम्प्युटर करतो. ज्याचा वाढदिवस तो सगळ्यात मोठा, कमरेपासून वर, हात जोडलेला. त्याच्या डोक्यावर गोल चौकटींत त्याचे नेते. आणि खाली शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोएवढे, दाटीवाटीनं. त्या खालच्या ओळीत कोण कुणाच्या आधी यावरून माझ्या दुकानात माणसं एकमेकांच्या अंगावर गेलेली आहेत. सेलूत गेली कित्येक वर्षं मी हेच काम करते. गाव मला फ्लेक्सवाल्या ताई म्हणतं.

मधल्या काळात आम्ही घरच्या घरी एक कार्टूनची मालिका केली. मोबाईलवर बघायची, छोट्या छोट्या भागांची, विनोदी. नाव ‘चंद्री’. चंद्री ही म्हैस. संपादकांचा निरोप आला की ती करताना काय काय शिकलात ते दिवाळी अंकासाठी लिहा. शिकवायला मी काही मास्तरीण नाही, पण बोलायला लागले तर थांबत नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

आधी आमची माणसं सांगते. माझे यजमान पेंटर. सगळं सेलू त्यांना पेंटर म्हणतं, म्हणून मीही पेंटरच म्हणते. एके काळी जिनिंग मिलच्या भिंतीपासून शाळेच्या फळ्यापर्यंत इथली अक्षरं त्यांच्या हातची होती. मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटर मी शिकले, मशीन मी आणलं, आणि ब्रश डब्यात गेले. पेंटरनी तक्रार कधी केली नाही. ते मशीनमधून निघालेला फ्लेक्स कापायचे, कडेला भोकं पाडून रिंगा ठोकायचे आणि चौकात बांधून यायचे. ज्या हातानं अक्षर काढलं त्या हातानं दोऱ्या बांधताना बघून मला वाईट वाटायचं. पण धंदा चालत होता, आणि चालत्या धंद्यात वाईट वाटून घ्यायला सवड नसते.

दुसरी माझी नणंद, कमलअक्का. पोखर्णीची. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाली. पोरं रडायला लागली की अक्का म्हशीच्या आवाजात बोलायची आणि पोरं गप्प व्हायची. त्यातली काही पोरं आता बाप झालीत, पण अक्का दिसली की अजून म्हणतात, “अक्का, म्हशीचं बोल की.”

कोरोनाच्या दिवसांत कार्यक्रम बंद, वाढदिवस बंद, म्हणजे फ्लेक्स बंद. दुकानात आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. एके दिवशी पेंटरनी रद्दी फ्लेक्सच्या पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर एक म्हैस काढली. किती वर्षांनी ब्रश हातात घेतला होता! मी त्या म्हशीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि गंमत म्हणून तिचे कान हलवले. कान हलले आणि मी खुर्चीतून उठलेच. पोखर्णीला फोन लावला. “अक्का, म्हैस हललीय. आता बोलायला ये.”

फ्लेक्सच्या आणि कार्टूनच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे माणूस कापावा लागतो. घाबरू नका. लोक फोटो आणून देतात, त्यातून मी माणूस तेवढा कापून घेते आणि मागे राजवाडा लावते. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, फोटोत मोटरसायकलवर बसलेलं. म्हणालं, हात जोडलेले पाहिजेत. हँडलवरचे हात मी काढले आणि दुसऱ्या कुणाचे तरी लावले. वर्षभर तो माणूस चौकात परक्या हातांनी नमस्कार करत होता. एका बाईंनी लग्नाच्या फ्लेक्समधून दीर काढायला लावला. संध्याकाळी समेट झाला, तर म्हणाल्या परत घाला. घाईत घातला, त्यामुळे सगळ्यांवर ऊन डावीकडून आणि दिरावर एकट्यावर उजवीकडून. त्यांच्यात परत बिनसलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला तवाच वाटलं होतं, ह्यो माणूस येगळाच दिसायलाय.”

कार्टूनमध्येही हेच कापकाम. म्हशीचं डोकं वेगळं, कान वेगळे, शेपूट वेगळी, पायाचे दोन दोन तुकडे. एकेक तुकडा किंचित सरकवायचा, चित्र घ्यायचं, परत सरकवायचा. चंद्रीनं मान वळवून बघितलं एवढ्यासाठी माझी दुपार जायची. शेवटी सगळं एकत्र शिजायला ठेवावं लागतं, त्याला रेंडर म्हणतात. ते अर्धं शिजलं की आमच्याकडची लाइट जाते.

गोष्ट साधी होती. एक फाटा आहे. तिथं माणसं बसची वाट बघतात आणि चंद्री रवंथ करत उभी असते. बस कधी येणार हे फक्त तिला माहीत असतं, पण म्हशीला कोण विचारणार? शेजारी एक अध्यक्ष आहे. कशाचा अध्यक्ष हे त्यालाही आठवत नाही. फाट्यावरच्या वडाच्या झाडाच्या समितीचा तो अध्यक्ष आहे, आणि झाड रस्ता रुंद केला तेव्हाच गेलंय. चंद्रीला आवाज अक्काचा, अध्यक्षाला पेंटरचा. फाट्याचं नाव आम्ही कुठं घेतलं नाही, पण बघणाऱ्यानं बघितल्या बघितल्या ओळखलं की हा देवगाव फाटा.

म्हैस घेतली त्यामागे आणखी एक कारण होतं, ते आता सांगायला हरकत नाही. कार्टूनमध्ये सगळ्यात जिकिरीचं काम म्हणजे बोलताना ओठ जुळवणं. ‘आ’ला तोंड उघडं, ‘म’ला बंद. म्हैस मात्र सदा चघळतच असते. तिचं तोंड हलतच राहतं, त्यामुळे शब्द कुठलाही असो, तो जुळतोच. आळशीपणातून निघालेली ही युक्ती पुढं आमचा सगळ्यात मोठा विनोद झाली. कुणी काही विचारलं की चंद्री आधी चघळायची. चघळायची, चघळायची, आणि मग एकच शब्द बोलायची. लोक त्या चघळण्यालाच हसायला लागले.

पहिला भाग मात्र आमच्या हातून पार फसला. तो अक्काला दाखवला. तिनं चष्मा पुसला, परत बघितला, आणि विचारलं, “पुष्पे, ही म्हैस कोणाला शुभेच्छा द्यायलीय?”

मी बघितलं, आणि हसू की रडू कळेना. सगळी पात्रं समोर तोंड करून उभी होती. म्हैससुद्धा. दात दाखवून हसत होती. अध्यक्ष हात जोडून उभा होता, फाट्यावरचा हॉटेलवालाही हात जोडून उभा होता. कुणी कुणाकडे बघतच नव्हतं, सगळे बघणाऱ्याकडे बघत होते. आणि अध्यक्षाचं डोकं सगळ्यात मोठं होतं, कारण तो अध्यक्ष! त्याखालोखाल हॉटेलवाला, आणि जिच्या नावाची मालिका ती चंद्री खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकाएवढी. मला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. हातच तसा पडला होता. इतकी वर्षं मानाप्रमाणे डोकी लहानमोठी केल्यावर दुसरं काय होणार?

पेंटरनी मग सगळं नव्यानं काढलं. चंद्रीला आडवी उभी केली, चित्रभर. तिच्यामागून अध्यक्ष डोकावतो, टाचा उंच करून, तरी त्याची टोपी तेवढी तिच्या पाठीवर दिसते. मी ते चित्र बघितलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. तेव्हा कळलं की जमलं.

आवाज कुठं भरायचा हाही घोर होता. दुकानात मशीनचा आवाज, घरात कुकरच्या शिट्ट्या. आमच्या शेजारी गादीवाले चाचा आहेत. त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस. कापसात आवाज घुमत नाही, बाहेरचा आत येत नाही. चाचांचं पिंजायचं मशीन जेवणाच्या सुट्टीत बंद असायचं, तेवढ्यात अक्का कापसात बसून बोलायची. पहिल्या दिवशी चाचा डबा सोडून बघायला आले.

“आपा, ये क्या चल रहा है?”

“म्हैस व्हायलेय मी, चाचा,” अक्का म्हणाली.

चाचांनी मान डोलावली. “तो फिर आराम से होव. जल्दी किसकू है?”

अक्का बाहेर यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापूस. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. तिला त्याचं काही नसायचं. ती म्हणायची, “बघू द्या. टीव्हीवरच्या बायकांला बी मेकअप असतोच की.”

भाग येत गेले, लोक बघत गेले. आधी सेलूतले, मग परभणी, जिंतूर, मग पुण्याला नोकरीला गेलेली आमच्याकडची मुलं. पण सगळ्यात जास्त चालला तो बसच्या उद्घाटनाचा भाग. फाट्यावर वर्षानुवर्षं बस येते. एके दिवशी अध्यक्ष ठरवतो, हिचं उद्घाटन राहिलंच आहे. रस्त्याला आडवी फीत बांधतो, बस अडवतो, नारळ वाढवतो आणि घसा खाकरून भाषण सुरू करतो. चंद्री मध्ये उभी, त्यामुळे तो कुणाला दिसतच नाही. उड्या मारतो, स्टुलावर चढतो, तर चंद्रीच्या शेपटीनं टोपी उडते. भाषण संपवून फीत कापतो आणि बघतो तर समोर कुणीच नाही. “चंद्रे, बस कुठं गेली?” चंद्री चघळते. बराच वेळ चघळते. “गेली,” म्हणते. “फाटा हाय ह्यो. तिला मागनं बी रस्ता हाय.”

आता आबासाहेब. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा वाढदिवस, वडिलांची पुण्यतिथी, नातवाचं बारसं, या समितीवर निवड, त्या समितीवर फेरनिवड, सगळे फ्लेक्स आमच्याकडं. आमच्या दुकानाच्या भाकरीचं पीठ त्यांच्याच घरून यायचं म्हटलं तरी चालेल. अध्यक्ष काढताना आबा आमच्या मनात नव्हते, देवाशपथ. पण पेंटरनी इतकी वर्षं त्यांचेच फ्लेक्स बांधले, त्यांचीच भाषणं खांबावर बसून ऐकली. आवाज काढायची वेळ आली तेव्हा आबांसारखं खाकरणं आपोआप आलं. तो भाग गावभर झाला आणि लोक आबांना पाठीमागं ‘अध्यक्ष’ म्हणायला लागले.

एके सकाळी आबांची गाडी दुकानासमोर थांबली. पेंटर तडक फ्लेक्सच्या रोलांमागं गेले. त्यांच्या चपला मात्र बाहेर दिसत होत्या.

“पेंटर कुठंयत?” आबांनी विचारलं.

“बोर्ड बांधायला गेलेत.”

आबांनी चपलांकडं बघितलं, खुर्ची ओढली, घसा खाकरला. अगदी तसाच! मी ओठ दाताखाली दाबून धरला.

“ताई, ते म्हशीचं बघितलं म्या. सून हसायली, नातू हसायलाय, म्हणलं काय हाय तरी. मला राग न्हाई. तेवढं दिल मोठं हाय आपलं. पण एक सांगा. इतके साल तुमी माझे फ्लेक्स करायलाव. कधी कोणाला माझ्यापेक्षा मोठं काढलं का?”

“नाही, आबासाहेब.”

“मग म्हैस कशी काय मोठी?”

म्हणजे अध्यक्ष आपणच हे त्यांनी स्वतःच धरून टाकलं होतं. त्यांची तक्रार फक्त मापाची होती. येत्या वाढदिवसाला देवगाव फाट्यावर मोठा कार्यक्रम होता, मोठा पडदा लागणार होता. तिथं हाच भाग दाखवायचा, पण अध्यक्ष मोठा करून आणि म्हैस बारीक करून. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, “जमत नसलं तर तसं बोला. परभणीत बी फ्लेक्सवाले लय हायेत.”

रोलांमागून पेंटर बाहेर आले. “करून टाक,” म्हणाले. “आपल्याला काय, मोठं तर मोठं.”

मी करून बघितलं. खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं डोकी मोठी करण्यात गेली, एक आणखी केलं. अध्यक्ष धिप्पाड झाला, म्हैस वासराएवढी. भाषण तेच, चघळणं तेच. शेपटी आता त्याच्या गुडघ्यालाही पोचेना, टोपी उडणार कशी? पोखर्णीला पाठवलं. अक्काचा फोन आला, “हे कोणाचं हाय? आपलं न्हाई वाटत.” मग म्हणाली, “पुष्पे, हे दाखवणार असशील तर माझा आवाज काढून टाक. एवढ्या बारक्या म्हशीचा आवाज मला यायचा न्हाई.”

स्वतःला मोठा समजणारा माणूस चित्रात लहान दिसला की हसू येतं. तो चित्रातही मोठाच असला की त्याचा फ्लेक्स होतो. हा एकच धडा मी या सगळ्या कामातून शिकले, बाकीचे असेच आहेत. पण तो पाळायचा तर दुकान पणाला लागत होतं. जेवताना मी पेंटरना सरळ विचारलं, आबा गेले तर काय करायचं? त्यांनी घास खाली ठेवला. “भिंती रंगवीन,” म्हणाले. “माझा हात परत आलाय, पुष्पा. तो आता बारीक करून द्यायचा न्हाई.” मला रडूच आलं. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्या हाताबद्दल एक शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आबांना फोन केला. “आबासाहेब, फ्लेक्स तुम्ही म्हणाल तेवढा मोठा करते. पण पडद्यावर म्हैसच मोठी राहील. पटत नसेल तर दाखवू नका.” तिकडून खाकरल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पुढं काहीच नाही. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी त्यांच्या माणसाचा फोन आला, लॅपटॉप घेऊन या. दाखवायचं की आमची हजेरी घ्यायची, ते काही त्यानं सांगितलं नाही.

फाट्यावर आबांचा फ्लेक्स आम्हीच लावला होता, आजवरचा सगळ्यात मोठा. त्याच्याखाली स्टेज, स्टेजवर खुर्चीत आबा, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या म्हाताऱ्या आई, मांडीवर काठी. दिवस मावळल्यावर पडदा उजळला. चंद्री आली, चित्रभर. मागं अध्यक्षाची टोपी. मी माणसांकडं बघत होते. कुणी हसेना. सगळे आधी आबांकडं बघायचे, मग पडद्याकडं, मग परत आबांकडं. फीत बांधली, नारळ वाढवला, सगळं चिडीचूप. खास पोखर्णीहून आलेल्या अक्कानं माझा हात घट्ट धरला होता. मनात म्हटलं, गेलं, दुकानही गेलं आणि चंद्रीही.

शेपटीनं टोपी उडाली आणि पहिल्या रांगेतून एक बारीक, चिरका आवाज आला.

“आगं बया! ह्यो तर आमचाच आबा हाय! आसाच उड्या मारतोय मेला, ल्हान होता तवापसून!”

आई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. बायका हसल्या, मग मागची माणसं, मग कडेला थांबलेल्या जीपमधली. आबा एकदम उठले, माइक हातात घेतला. बोलण्याआधी त्यांनी घसा खाकरला. माइक चालू होता. फाट्याच्या चारी रस्त्यांवर ते खाकरणं गेलं, आणि माणसं अशी हसली की पडद्यावरचं काही ऐकू येईना.

आबा तसेच उभे. त्यांनी आईकडं बघितलं. म्हातारी हसून हसून खोकायला लागली होती. आबांचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि त्यांनी परत घसा खाकरला. या वेळी मुद्दाम, लांबवून. लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. मग ते माइकवर म्हणाले, “काहीच ऐकू आलं न्हाई. ताई, पैल्यापासनं लावा.” आम्ही पहिल्यापासून लावलं. चंद्री चघळायला लागली तसं सगळं मैदान श्वास धरून बसलं. ती “गेली” म्हणाली आणि जो हशा झाला, तो अजून माझ्या कानात आहे. पेंटर पडद्याच्या कडेला उभं राहून बघत होते. घरी येईपर्यंत ते एकटेच हसत होते.

आठवड्यानं आबांची गाडी परत दुकानासमोर. पेंटर या वेळी रोलांमागं गेले नाहीत.

“फ्लेक्स करायचाय,” आबा म्हणाले.

“कुणाचा वाढदिवस?”

“म्हशीचा.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. मोठ्या अक्षरात ‘चंद्री हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. फाट्यावर लावायचा, त्यांच्या स्वतःच्या फ्लेक्सच्या जागी. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि सवयीनं विचारलं, “तुमचा फोटो केवढा घेऊ?”

आबांनी खुर्ची पुढं ओढली, पडद्यावर बोट ठेवलं, अगदी खाली, कोपऱ्यात, जिथं शुभेच्छुक असतात तिथं. “हितं. बारीकच घ्या. आन् म्हैस आजून मोठी करा.”

इतक्या वर्षांत आपला चेहरा लहान करा म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. फोटोसाठी मी पहिल्या फसलेल्या भागातली चंद्री शोधून काढली, समोर तोंड करून दात दाखवणारी. फ्लेक्सला ती बरोबर बसली. अक्षरं पेंटरनी ब्रशनं काढून दिली. आता देवगाव फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसला ती हसून बघते, आणि तिच्या खुरापाशी, पासपोर्ट फोटोएवढे, आबासाहेब हात जोडून उभे आहेत.